कुलूप, कारकून आणि सर्व्हर : वकिलांच्या कचेरीतल्या गुपितांचा इतिहास

पत्रिकेतलं व्याख्यानाचं नाव वाचून दोघा-तिघांनी आम्हाला विचारलं, की इतिहासाच्या व्याख्यानात वकिलांच्या कॉम्प्युटरचं काय काम? प्रश्न रास्त आहे. आम्ही दोघांनी मिळून हे टिपण तयार केलं. आमच्यापैकी एकाची हयात कोर्टाच्या आवारात गेली आणि दुसऱ्याची वकिलांच्या कचेऱ्यांतले कॉम्प्युटर दुरुस्त करण्यात. दोघांनी आपापल्या आठवणी एकमेकांसमोर मांडल्या तेव्हा लक्षात आलं की आपण एकच गोष्ट दोन टोकांनी बघत होतो. ती गोष्ट म्हणजे अशिलाचं गुपित कुणी, कुठे आणि कशाच्या भरवशावर सांभाळायचं.

सुरुवात एका कुलपापासून करू. अर्देशिर गोदरेज हे मूळचे वकील, हे किती जणांना माहीत आहे? १८९४ च्या सुमाराला मुंबईहून ते एका खटल्यासाठी झांझिबारला गेले. अशिलासाठी सत्याला थोडी मुरड घालावी लागेल असं दिसल्यावर त्यांनी वकिलीलाच रामराम ठोकला आणि परत आले. मग वृत्तपत्रात शहरातल्या घरफोड्यांची बातमी वाचून त्यांना कुलपांचा विचार सुचला असं सांगतात. १८९७ साली लालबागेत एका छपराखाली कारखाना सुरू झाला. पुढे तिजोऱ्याही आल्या. मुंबईच्या फोर्टातल्या सॉलिसिटर मंडळींच्या कचेऱ्यांत काय, जिल्ह्याच्या गावच्या वकिलाच्या घरात काय, लोखंडी कपाट आणि त्याची किल्ली हा मानमरातबाचा भाग होऊन बसला. एका वकिलाने वकिली सोडली आणि बाकीच्या वकिलांना कुलपं पुरवली, असं थोडं गमतीने म्हणता येईल.

गंमत बाजूला ठेवून त्या कुलपाचा एक गुण लक्षात ठेवा. चांगलं पितळी कुलूप एकदा घेतलं की दोन पिढ्या पुरतं. मधूनमधून तेलाचा थेंब सोडला की झालं. आणि अहमदाबादेत एखाद्या चोराला एक कुलूप उघडण्याची युक्ती सापडली, म्हणून त्याच रात्री साताऱ्यातलं तुमचं कुलूप कुचकामी होत नाही. 'घेतलं की झालं' ही आपली सवय तिथून आली. ती सवय वाईट नव्हती. लोखंडाच्या बाबतीत ती बरोबरच होती.

आता दुसरी बाजू, कायद्याची. १८७२ चा भारतीय पुरावा कायदा जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी लिहिला. त्याच्या १२६ व्या कलमात वकिलाने अशिलाचं बोलणं, त्याचे कागद, त्याला दिलेला सल्ला त्याच्या संमतीशिवाय उघड करायचा नाही, असं बंधन घातलं. याच कलमाखालचं स्पष्टीकरण फार महत्त्वाचं आहे. वकीलपत्र संपलं तरी हे बंधन संपत नाही. खटला निकाली निघाला, फी मिळाली, अशील दुसऱ्या वकिलाकडे गेला, तरी गुपित ते गुपितच. या बंधनाला मुदत नाही.

आणि लगेच पुढचं १२७ वं कलम. तेच बंधन वकिलाच्या दुभाष्यांना, कारकुनांना आणि नोकरांनाही लागू. हे कलम आम्हाला फार आवडतं. स्टीफनसाहेबांना किंवा त्यांच्या आधीच्या इंग्लिश परंपरेला पक्कं ठाऊक होतं की कचेरीतलं गुपित खरं पाहता वकिलाच्या डोक्यात राहत नाही. ते राहतं कारकुनाच्या हातात. कागद तो लिहितो, रुमालात तो बांधतो, कपाटाची किल्ली त्याच्या करगोट्याला. म्हणून कायद्याने त्याला नाव घेऊन मोजलं. १ जुलै २०२४ पासून जुना पुरावा कायदा जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्याच्या १३२ व्या कलमातही दुभाषे, कारकून आणि कर्मचारी आहेतच. दीडशे वर्षं झाली, कारकून कायद्यात टिकून आहे.

मग कपाटाचं काम कॉम्प्युटरकडे गेलं, तेव्हा कारकुनाचं काम कुणाकडे गेलं? आजचं सगळं व्याख्यान या एका प्रश्नाभोवती आहे.

आमच्या पाहण्यातली एक कचेरी सांगतो. जिल्ह्याच्या ठिकाणची, चांगली चालणारी, दिवाणी कामाची. नाव सांगत नाही, सांगायचं कारणही नाही. अशा कचेऱ्या गावोगाव आहेत. तिथे एक कॉम्प्युटर होता, विंडोज एक्सपीचा. मायक्रोसॉफ्टने एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ ला थांबवली. त्यानंतर कितीतरी दिवस तो कॉम्प्युटर रोज सकाळी दहाला सुरू होत होता. का? कारण त्यावर मराठी टायपिंगचं जुनं पॅकेज होतं, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टचं, मागे डोंगल लावल्याशिवाय न चालणारं. पंधरा वर्षांचे दावे, कैफियती, साठेखतं सगळी त्या फॉन्टात. नव्या विंडोजवर उघडली की अक्षरांच्या जागी नुसता गिचमिड मजकूर. वकीलसाहेबांना आम्ही म्हटलं, "साहेब, हा आता बदलायला हवा." ते म्हणाले, "अहो, चालतोय ना? मग कशाला हात लावता?" आणि टायपिंग करणाऱ्या ताई हळूच म्हणाल्या, "याला हात लावलात तर उद्याचा स्टे अर्ज तुम्हीच टाइप करा."

ताईंचं म्हणणं चुकीचं नव्हतं, हे आज मागे वळून बघताना आम्ही मान्य करतो. जुनं न बदलण्यामागे नुसता आळस कधीच नसतो. कामाची साखळी असते. आमच्याकडे ती फॉन्टाची होती. लंडनला, पनामाला, न्यूयॉर्कला दुसऱ्या कशाची तरी होती. तिकडच्या गोष्टी आता सांगतो, कारण तिथे काय झालं याची नोंद झालेली आहे. आपल्याकडे असं काही घडलं तर ते बहुतेक वेळा कचेरीच्या चार भिंतींतच राहतं.

पहिली गोष्ट थोडक्यात. २०१० चा सप्टेंबर, लंडन. एसीएस:लॉ नावाची छोटी फर्म. इंटरनेटवरून गाणी-सिनेमे उतरवल्याचा आरोप ठेवून हजारो लोकांना पैशाच्या नोटिसा पाठवणं हा तिचा धंदा. चिडलेल्या लोकांनी तिच्या वेबसाइटवर एवढी गर्दी लोटली की साइट बंद पडली. ती परत उभी करताना ईमेलची सगळी बॅकअप फाइल साइटच्या दर्शनी पानावर उघडी राहिली. सुमारे सहा हजार लोकांचे तपशील त्यात. कुणावर काय उतरवल्याचा आरोप आहे ते, आणि त्यात अश्लील चित्रपटांची नावंसुद्धा. चौकशीत कळलं की फर्मने घरगुती वापराचं, महिना ५.९९ पौंडाचं होस्टिंग घेतलं होतं. दंड दोन लाख पौंडांचा झाला असता, पण तोवर धंदा बंद पडला होता, म्हणून मालकाला एक हजार पौंड. ज्यांची नावं बाहेर आली त्यांतल्या कित्येकांनी काहीही केलेलं नव्हतं. त्यांच्या बाजूने कुणी हिशेब मांडला नाही.

दुसरी गोष्ट तुम्हा सगळ्यांना ऐकून माहीत आहे. ३ एप्रिल २०१६ ला जगभरच्या वृत्तपत्रांनी एकाच वेळी पनामा पेपर्स छापले. आपल्याकडे इंडियन एक्सप्रेसने. मोसॅक फोन्सेका या पनामाच्या फर्मचे १ कोटी १५ लाख दस्तऐवज, २.६ टेराबाइट. सव्वादोन लाखांच्या आसपास कंपन्या आणि ट्रस्ट. त्यात कुणाची नावं होती यावर पुष्कळ बोलून झालं. काळा पैसा लपवणाऱ्यांची गुपितं फुटली याचं आम्हाला दुःख नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण आमची नजर दुसरीकडे गेली. त्या आठवड्यात जाणकारांनी फर्मची साइट नुसती बाहेरून पाहिली. अशिलांसाठी जे पोर्टल होतं, ज्यावर 'तुमची माहिती सुरक्षित' असं सांगितलं जात होतं, ते ड्रुपलच्या २०१३ सालच्या आवृत्तीवर चालत होतं. वेबमेल २००९ पासून अद्ययावत केलेलं नव्हतं. वर्डप्रेसच्या साइटवर चित्रं सरकवणारं एक जुनं प्लगिन होतं आणि त्यातलं भोक सगळ्या जगाला ठाऊक होतं. दस्तऐवज नेमके कोणत्या दारातून गेले हे न्यायालयात कधी सिद्ध झालं नाही. उघडी दारं मात्र कितीतरी होती.

त्या ड्रुपलपाशी थोडं थांबतो. १५ ऑक्टोबर २०१४ ला ड्रुपलच्या मंडळींनी जाहीर केलं की आमच्या सातव्या आवृत्तीत एक मोठं भोक आहे, हा घ्या पॅच. पॅच म्हणजे शब्दशः ठिगळ. मग दोन आठवड्यांनी, २९ ऑक्टोबरला, त्यांनीच दुसरं निवेदन काढलं. पहिल्या घोषणेनंतर सात तासांच्या आत ज्याने ठिगळ लावलं नाही, त्याने आपली साइट फुटली आहे असंच धरून चालावं. सात तास. आपल्या घड्याळात सांगायचं तर रात्री साडेनऊपासून पहाटे साडेचारपर्यंत. तुम्ही जेवून झोपलात आणि उठेपर्यंत कुलूप निकामी.

असं का होतं हे नीट समजून घेऊ, कारण इथेच लोखंडाची सवय आपल्याला फसवते. ठिगळ जाहीर करायचं म्हणजे भोक कुठे आहे तेही जाहीर करायचं. चोर ठिगळ उलटं करून बघतो आणि ते कशावर लावलं आहे हे त्याला तासाभरात कळतं. मग त्याच्या हातातलं यंत्र जगभरची दारं एकामागोमाग वाजवत सुटतं. ते पत्ता बघत नाही, नाव बघत नाही. लहान वकिलाकडे कोण कशाला येईल, हे आम्ही किमान पन्नास वेळा ऐकलं असेल. कुणी मुद्दाम तुमच्याकडे येत नाही हे खरंच आहे. तो सगळ्यांकडेच जातो, आणि जिथे उघडं सापडेल तिथे शिरतो.

मोसॅक फोन्सेका मार्च २०१८ मध्ये बंद होत असल्याचं जाहीर झालं. ती गोष्ट तिथे संपली.

मुद्दाम येणारेही असतात, अर्थात. डिसेंबर २०१६ मध्ये अमेरिकेच्या सरकारने तीन चिनी नागरिकांवर खटला भरला. न्यूयॉर्कच्या बड्या लॉ फर्मच्या मेल-सर्व्हरमध्ये शिरून कोणती कंपनी कोणती कंपनी विकत घेणार आहे, हे भागीदार वकिलांच्या मेलमध्ये ते वाचत. मग घोषणेआधी शेअर घेऊन ठेवत. एका कंपनीचे शेअर त्यांनी असे घेतले, तिला पुढे रॉशने विकत घेतलं. नफा काही दशलक्ष डॉलरचा. बँकेच्या तिजोरीला हात लावायची त्यांना गरजच पडली नाही. तिजोरीत उद्या काय येणार हे ज्याला माहीत, त्या वकिलाच्या मेलला हात लावला.

आता २७ जून २०१७. ही तारीख आपल्या रायगड जिल्ह्यालाही माहीत आहे. त्या दिवशी उरणजवळच्या न्हावा-शेवा बंदरात, जेएनपीटीत, मर्स्क समूहाकडे असलेल्या टर्मिनलचे कॉम्प्युटर बंद पडले. कंटेनर कुणाचा, कुठे ठेवलाय, कुणी न्यायचा, काही कळेना. ट्रकच्या रांगा लागल्या. त्याच दिवशी, त्याच कारणाने, डीएलए पायपर या चाळीसहून अधिक देशांत कचेऱ्या असलेल्या महाकाय लॉ फर्मचे फोन आणि ईमेल बंद झाले. वॉशिंग्टनच्या कचेरीच्या दारात एका पांढऱ्या फळ्यावर हाताने लिहिलेली सूचना ठेवली होती, की कॉम्प्युटर सुरू करू नका, लॅपटॉप काढून ठेवा, कुणालाही सूट नाही. त्या फळ्याचा फोटो जगभर फिरला. सायबर सुरक्षेवर अशिलांना सल्ला देणारी फर्म, आणि तिची सूचना फळ्यावर मार्कर पेनाने.

न्हावा-शेवा आणि वॉशिंग्टन यांना जोडणारा धागा होता कीव्हमध्ये. युक्रेनमध्ये कर भरण्यासाठी 'मेडॉक' नावाचं हिशेबाचं सॉफ्टवेअर जवळजवळ सगळेच वापरत, आपल्याकडे टॅली वापरतात तसं. त्या कंपनीच्या सर्व्हरमध्ये शिरून हल्लेखोरांनी तिच्या अपडेटमध्येच विष कालवलं. अपडेट आला, कचेऱ्यांनी तो भरवशाने घेतला आणि त्यातून 'नॉटपेट्या' बाहेर पडला. पुढे ब्रिटन आणि अमेरिका यांनी याचं खापर रशियाच्या लष्करी गुप्तहेर खात्यावर फोडलं, अमेरिकेने २०२० मध्ये सहा जणांवर आरोपपत्रही ठेवलं. नेम युक्रेनवर होता. लागलं साऱ्या जगाला.

इथे आमच्या मांडणीला एक अडचण येते आणि ती लपवण्यात अर्थ नाही. आम्ही आत्तापर्यंत म्हणत आलो की अपडेट न केल्याने घात झाला. इथे तर अपडेटनेच घात केला! आमच्या ओळखीच्या एका ज्येष्ठ वकिलांनी हे वाचून लगेच विचारलं होतं, "बघा, म्हणून मी म्हणतो हात लावू नका. पटलं?"

नाही पटलं. नॉटपेट्या आत शिरल्यावर पसरला दोन वाटांनी. एक वाट होती विंडोजमधलं एक भोक. त्याचं ठिगळ मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ लाच दिलं होतं, म्हणजे साडेतीन महिने आधी. दुसरी वाट जास्त वाईट. ज्या कॉम्प्युटरवर तो शिरे, त्याच्या स्मृतीत पडलेले पासवर्ड उचलून तो शेजारच्या कॉम्प्युटरवर जाई, मग तो ठिगळ लावलेला असला तरी. एखाद्या व्यवस्थापकाचा सगळीकडे चालणारा पासवर्ड हाती लागला की संपलंच. कीव्हमधल्या हिशेबाच्या कॉम्प्युटरपासून वॉशिंग्टनमधल्या वकिलाच्या लॅपटॉपपर्यंत मध्ये एकही बंद दार नसणं, हा दोष अपडेटचा नव्हता. घराची रचनाच तशी होती. वाड्याला दिंडी दरवाजा भक्कम, पण आत सगळ्या खोल्या एकमेकींत उघडणाऱ्या.

आणि आणखी एक. मेडॉकच्या सर्व्हरची तपासणी केली तेव्हा युक्रेनच्या पोलिसांनी सांगितलं की तो सर्व्हरच २०१३ पासून अद्ययावत केलेला नव्हता. देशभर अपडेट वाटणाऱ्याच्या स्वतःच्या घरी चार वर्षं अपडेट नाही. आमच्या ज्येष्ठ वकिलांना आम्ही हे सांगितलं. ते हसले, मग म्हणाले, चहा घ्या.

डीएलए पायपरला ईमेल परत मिळायला काही दिवस लागले, जुने कागद पूर्ण हाती यायला त्याहून जास्त. तोवर वकील स्वतःच्या मोबाइलवरून अशिलांशी बोलत होते. अशिलांची माहिती चोरीला गेल्याचा पुरावा नाही असं फर्मने सांगितलं. नॉटपेट्या मुळात चोरत नव्हताच, तो जाळत होता.

आता शेवटची गोष्ट, आणि आमच्या मते सगळ्यांत महत्त्वाची. यात गुप्तहेर नाहीत, अब्जावधी डॉलर नाहीत. म्हणूनच ती आपल्या जवळची आहे.

टकर्स सॉलिसिटर्स ही इंग्लंडमधली फौजदारी बचावाची फर्म. तिच्या अशिलांत पोलीस ठाण्यात रात्री अडकलेली साधी माणसं. २४ ऑगस्ट २०२० ला कचेरीतल्या काही यंत्रणा चालेनाशा झाल्या, आणि खंडणीखोरांनी सर्व्हर कुलूपबंद केल्याचं लक्षात आलं. उलटं कुलूप म्हणा, किल्ली चोराकडे. दुसऱ्याच दिवशी फर्मने ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाला स्वतःहून कळवलं. आयुक्तांनी पुढे जो आदेश काढला तो वकिलीच्या अभ्यासक्रमात लावावा असा आहे. एकूण ९,७२,१९१ फायली कुलूपबंद झाल्या. त्यांतल्या २४,७१२ न्यायालयीन बंडलांच्या. बॅकअपही त्याच तडाख्यात सापडला. आणि साठ बंडलं चोरांनी बाहेर नेऊन काळ्या बाजारात उघड केली.

बंडल म्हणजे काय हे इथल्या वकील मंडळींना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. आपल्याकडे रुमालात बांधतो ते सगळं त्यात असतं. डॉक्टरांचे दाखले, साक्षीदारांचे जबाब, त्यांची नावं-पत्ते, पीडित व्यक्तीने काय सोसलं त्याचं वर्णन. म्हणजे त्या बंडलात फक्त अशिलाचं गुपित नसतं. ज्या बाईने आरोपीविरुद्ध जबाब दिला, तिचंही असतं. तिने त्या फर्मची निवड केलेली नव्हती. तिला त्या फर्मचं नावही माहीत नसेल. तिच्या आयुष्यातली सगळ्यात वाईट रात्र त्या सर्व्हरवर होती, आणि त्या सर्व्हरला ठिगळ कधी लागणार हे ठरवण्यात तिचा काडीचा वाटा नव्हता.

ठिगळाची हकीकत अशी. घरून काम करण्यासाठी फर्म सिट्रिक्सची यंत्रणा वापरत होती. त्यात एक गंभीर भोक असल्याचं डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालं. ठिगळ जानेवारी २०२० मध्ये आलं. सरकारी सायबर केंद्राने जानेवारीतच जाहीर इशारा दिला. फर्मने ठिगळ लावलं जूनमध्ये. पाच महिने. चोर नेमका याच दारातून आला असं आयुक्तांनी ठाम म्हटलं नाही. पण पाच महिने दार उघडं होतं एवढं पुरेसं ठरलं, कारण अशा गंभीर भोकासाठी तिथला मान्य दंडक चौदा दिवसांचा आहे. शिवाय बाहेरून आत येताना पासवर्डबरोबर दुसरी खूण मागण्याची सोय नव्हती. आपण बँकेसाठी ओटीपी टाकतो ना, ती. आणि फर्मच्या स्वतःच्याच धोरणात लिहिलेलं होतं की जिथे शक्य असेल तिथे दुहेरी खूण वापरावी! ऑक्टोबर २०१९ मध्ये 'सायबर इसेन्शियल्स' नावाच्या अगदी प्राथमिक तपासणीत फर्म नापास झाली होती. म्हणजे कुणाला काही माहीत नव्हतं असं नाही. कागदावर सगळं माहीत होतं. जुन्या फायली ठरलेल्या मुदतीपलीकडे ठेवल्या होत्या हेही निघालं. नष्ट करायला हवेत ते कागद चोराला सापडले, तर ते आपणच साठवून दिले असं होतं. २०२२ च्या फेब्रुवारीअखेर दंड झाला, ९८,००० पौंड.

आम्ही ही गोष्ट चार-पाच कचेऱ्यांत सांगितली. सगळीकडे पहिला प्रश्न एकच, चूक कुणाची होती? आणि खरं सांगायचं तर आदेश वाचून एका माणसाकडे बोट दाखवता येत नाही. भागीदारांना वाटतं कॉम्प्युटरवाला बघेल. कॉम्प्युटरवाल्याला वाटतं सर्व्हर दोन तास बंद ठेवायची परवानगी भागीदार देतील तेव्हा बघू, आज तर सुनावणी आहे. उद्याही सुनावणीच असते. १२७ व्या कलमाचा तो कारकून असता तर त्याला किल्ली कुठे ठेवली हे विचारता आलं असतं. त्याच्या जागी आता कुणी बसलेलंच नाही, आणि बसलं असेल तर ते बाहेरून महिन्याला एकदा येणारं कंत्राटी पोर असतं. त्याला ना कुणी कायद्याचं हे बंधन वाचून दाखवलं, ना त्याच्याकडून काही लिहून घेतलं. आम्हाला स्वतःला, म्हणजे आमच्यातल्या कॉम्प्युटरवाल्याला, शंभरेक कचेऱ्यांत काम करताना एकदाही कुणी विचारलं नाही, की बाबा रे, तू आमचे कागद वाचतोस का? चहा मात्र सगळ्यांनी पाजला.

अमेरिकेच्या बार असोसिएशनने ऑगस्ट २०१२ मध्येच आपल्या आदर्श नियमांत घातलं, की आपण वापरतो त्या तंत्रज्ञानाचे फायदे आणि धोके समजून घेणं हा वकिलाच्या सक्षमतेचाच भाग आहे. आपल्याकडे बार कौन्सिलच्या नियमांत १२६ व्या कलमाचा भंग करू नये एवढं आहे. सर्व्हरचा उल्लेख नाही, आणि ते नियम १९७५ चे असल्याने असणारही नाही. पण इतर कायदे गुपचूप जवळ येऊन ठेपले आहेत. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशानुसार अशा घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायच्या, आणि यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपायच्या.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचं १७ वं कलम वकील मंडळींनी जरूर वाचावं. कायदेशीर हक्क बजावण्यासाठी माहिती वापरली तर संमती वगैरे बऱ्याच अटींतून त्यात सूट आहे. हे ऐकून बरं वाटतं. पण त्याच वाक्यात दोन गोष्टी सुटीतून वगळल्या आहेत. त्यांतली एक म्हणजे ८ व्या कलमाचं पाचवं उपकलम, माहिती फुटू नये म्हणून वाजवी खबरदारी घेण्याचं. त्या चुकीला दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आहेत, मुख्य जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होतील. संमती न घेता तुम्ही साक्षीदाराचा जबाब ठेवू शकता. उघडा ठेवू शकत नाही.

त्या जिल्ह्याच्या कचेरीचं पुढे काय झालं, ते सांगून थांबतो. एक्सपीचा कॉम्प्युटर शेवटी बदलला, पण वकीलसाहेबांच्या सांगण्यावरून नव्हे. ताईंनीच उन्हाळ्याच्या सुट्टीत, कोर्ट बंद असताना, जुन्या फॉन्टातली कामं युनिकोडमध्ये बदलून घ्यायला सुरुवात केली. चालू दावे आधी, मग साठेखतं. निकाली निघालेली आणि मुदत संपलेली प्रकरणं वकीलसाहेबांना विचारून पक्षकारांना परत दिली किंवा नष्ट केली. जुना कॉम्प्युटर नेटवर्कची केबल काढून कोपऱ्यात ठेवला, फक्त वाचण्यापुरता. बॅकअपच्या दोन डिस्क आहेत, एक कायम गोदरेजच्या कपाटात, सर्व्हरपासून सुटी. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी तीनला सर्व्हर बंद करून अपडेट घ्यायचे असं ठरलं आहे, आणि अगदीच गंभीर ठिगळ आलं तर त्याच रात्री. वही ताईंकडे असते. कोणत्या दिवशी काय लावलं, कुणी लावलं, सही. मागच्या महिन्यात आम्ही गेलो तर एका शनिवारची ओळ रिकामी होती. विचारलं, तर म्हणाल्या, "त्या दिवशी साहेब म्हणाले सोमवारी अपील दाखल करायचंय, आज नको. मग मी रविवारी सकाळी येऊन केलं. सही तेवढी राहिली."

त्यांनी आमच्यासमोर सही केली, तारीख रविवारचीच घातली आणि वही कपाटात ठेवली.